दोष पेटीत का कानात

"दोष पेटीत आहे का कानात, एवढंच बघायचंय, नेमू. दुसरं काही नाही."

इमामचाचांनी हे दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच सांगितलं. मागं हातगाडी होती. गाडीवर वाकळ अंथरलेली, वाकळीवर जुन्या स्पीकरच्या दोन मोठ्या सागवानी पेट्या आणि त्यांना दोन्ही हातांनी धरून चाचांचा मुलगा शौकत. घरापासून माझ्या दुकानापर्यंत चाचांनी गाडीवाल्याला एक खड्डा घेऊ दिला नव्हता. शौकत वैतागला होता. बाळंतिणीला घेऊन आल्यागत आलोय, म्हणाला.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मिरजेच्या बाजारात वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते मी पाडून काचेचं केलं होतं. नवी पाटी लागून महिना झाला होता. आत उंच, सडपातळ, चंदेरी तोंडाचे नवे स्पीकर ओळीनं उभे. सत्तावीस वर्षांचं वय आणि दारावर 'नेमिनाथ चौगुले, अधिकृत विक्रेते'. खोटं कशाला सांगू, चांगलाच शेफारलो होतो.

आदल्याच दिवशी मी शौकतला चौकात अडवून सांगितलं होतं, घेऊन ये तुझ्या अब्बांना, पाच मिनिटांत दाखवतो जुनं काय आणि नवं काय. ती खोकी आता कोंबड्या ठेवायच्या लायकीची राहिलीत. शौकत हसला होता. तो माझा शाळेपासूनचा. आठवीत विज्ञानाच्या तासाला मी तारा उलट्या जोडून शाळेची बॅटरी जाळली, तेव्हा यानंच माझं नाव 'फ्यूज' ठेवलं. कॉलेज संपेपर्यंत अख्खी मिरज मला फ्यूज म्हणायची. नव्या पाटीमुळं ते नाव नुकतंच कुठं मागं पडलं होतं.

चाचा तानपुऱ्याची जवारी लावायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती पट्टी कानसेनं केसाएवढी घासायची, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, पुन्हा घासायची. जमलं तर तार नुसती वाजत नाही, बोलते. नाही जमलं तर दहा हजारांचा तानपुरा म्हणजे दांडी लावलेला भोपळा. यात मोजायला काही नसतं, बघायलाही नसतं. सगळा कारभार कानाचा. धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई चाचांच्या कानाच्या भरवशावर गात होते.

आणि त्यांची एक रीत होती. रोज सकाळी कानसेला हात लावण्याआधी पाव तास डोळे मिटून एक कॅसेट ऐकायची. त्यात गाणं नव्हतं, नुसता तानपुरा. त्यांच्या वडिलांनी जवारी लावलेला. एका गाणंवेड्या डॉक्टरांनी ते वाजणं पूर्वी टेपवर घेतलं होतं आणि गाव सोडून जाताना विलायती स्पीकरची ती जोडीही चाचांना देऊन टाकली होती. त्या पेट्यांतून बापाचा तानपुरा कानात भरून घ्यायचा आणि मग काम सुरू करायचं. वीस वर्षं हे असंच चाललेलं.

तर त्या महिन्यात धारवाडच्या एका बाईंनी चाचांनी जवारी लावलेल्या तानपुऱ्यांच्या जोडीबद्दल तक्रार केली होती. दोन ओळींची चिठ्ठी, खर्ज बोलत नाही. खर्ज म्हणजे चार तारांतली सगळ्यात जाड, खालच्या सुराची तार. ती नाही बोलली तर बाकीच्या तिघी पोरक्या. शौकतनं चिठ्ठी वाचली आणि बोलून गेला, अब्बा, वय एकाहत्तर झालं, आता कानाचं काय खरं. चाचांनी दोन दिवस कानस हातात धरली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी त्या पेट्यांवर ऐकून जवारी लावतो. पेटी बिघडली असेल तर मी चुकीचं ऐकतोय. नव्या स्पीकरवर तीच कॅसेट ऐकू. तिथं काही निराळं निघालं तर दोष पेटीचा. नाहीतर दोष माझा, आणि काम बंद.

हे सगळं त्यांनी मला पायरीवर उभं राहूनच सांगितलं. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मी पेट्या नव्या स्पीकरच्या शेजारी मांडल्या. एकच अॅम्प्लिफायर, त्याला दोन बटनं. एक दाबलं की जुने वाजायचे, दुसरं दाबलं की नवे. जोडताजोडता मी शौकतला ऐकवत होतो, हा बघ, याचा पडदा धातूचा, तुमच्या पेटीत कागद. कागद किती वर्षं टिकणार? बोलायची हौस दांडगी. जुन्या पेट्यांच्या मागं दोन-दोन पितळी स्क्रू होते, एक प्लसचा, एक मायनसचा. खुणा कधीच पुसल्या होत्या. मी तारा पिळल्या, स्क्रू आवळले आणि चाचांना खुर्चीत बसवलं.

आधी नवे लावले. चाचांनी डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर हळूहळू हलत होती. पाचएक मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"सगळं आहे," ते म्हणाले. "खर्ज आहे. जरा धुऊन-पुसून ठेवल्यासारखा आहे, पण आहे. आता माझ्या लाव."

मी बटन दाबलं. चाचांच्या कपाळाला आठी पडली. ते खुर्चीत पुढं सरकले, मान डावीकडं केली, मग उजवीकडं. उठून दोन पावलं पुढं गेले, परत बसले.

"खर्ज कुठाय?"

आहे की, मी म्हणालो. खरंच सांगतो, मला काही फरक कळला नव्हता. नव्यापेक्षा जरा पातळ वाटलं, पण ते तर मला आधीपासूनच वाटायचं होतं. शौकतला विचारलं तर तोही म्हणाला, येतोय की ऐकू.

"नाही," चाचा म्हणाले. "आवाज समोर बसत नाही. भिंतीकडं पळतोय. मधे पोकळ झालंय आणि खर्ज त्या पोकळीत गेलाय."

मी माझं पुराण सुरू केलं. कागद सुकला, चुंबक उतरलं, जुन्या मालाचं हे असंच असतं, चाचा. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, कागद एका रात्रीत सुकत नाही बेटा. काल संध्याकाळी घरी ऐकलं तेव्हा खर्ज जागेवर होता. तू एकदा तारा बघ.

मी पेट्यांच्या मागं गेलो. गुडघ्यावर बसलो. डाव्या पेटीच्या एका स्क्रूवर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. चाचांची बायको असताना तिनं कधीतरी प्लसची खूण म्हणून लावला असणार. उजव्या पेटीवरही तसाच ठिपका होता, धुळीखाली. मी अंगठ्यानं धूळ पुसली. डावीकडं लाल तार ठिपक्यावर होती. उजवीकडं काळी.

एक पेटी सरळ, एक उलटी. असं झालं की एकीचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसरीचा मागं जातो. दोघी एकमेकींचा आवाज खातात, आणि पहिला बळी जातो तो खालच्या सुरांचा. आवाज मधे बसत नाही, कडेला पळतो. चाचांनी जे जे सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर. त्या खोलीत तिघं होते, त्यातला एक स्पीकर विकून पोट भरणारा, आणि बरोबर ऐकलं होतं ते एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं.

दोन तारा इकडच्या तिकडं करायच्या होत्या. अर्ध्या मिनिटाचं काम. पण पेटीच्या पलीकडं शौकत उभा होता. काय रे, सापडलं का काही, त्यानं विचारलं. मला त्याच्या तोंडचा 'फ्यूज' आधीच ऐकू आला. अधिकृत विक्रेत्याला प्लस-मायनस कळत नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं असतं. आणि मनात असंही आलं की जाऊ दे ना. दोष पेटीवर जाईल, चाचा नवे स्पीकर घेतील, त्यावर खर्ज ऐकतील, काम सुरू करतील. कुणाचं काय बिघडलं? माणूस स्वतःला किती लवकर पटवतो बघा.

मी स्क्रू उगाच आवळले आणि उठलो.

"तारा बरोबर आहेत, चाचा."

चाचा पुन्हा एकदा लाव म्हणाले. मी लावलं. त्यांनी शौकतला जवळ बोलावून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. खर्ज ऐकू येतो का, खरं सांग. शौकत म्हणाला, येतो अब्बा. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. मग चाचांनी मला विचारलं. मीही येतो म्हणालो.

"मग हिशेब सोपा आहे," चाचा म्हणाले. "पेटी काल चांगली होती. तारा बरोबर आहेत. तुम्हा दोघांना ऐकू येतंय." त्यांनी बोट कानाला लावलं. "हाच येतो-जातो. पार बहिरा असता तर बरं होतं, निदान कळलं असतं. पण येणारा-जाणारा कान घेऊन दुसऱ्याच्या तानपुऱ्याला हात लावायचा नसतो. ते पाप आहे."

मला वाटलं होतं दोष पेटीवर जाईल. तो कानावर गेला. आणि तरी माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. तेव्हा बोललो असतो तर दोन चुका कबूल कराव्या लागल्या असत्या, तार उलटी जोडल्याची आणि वर खोटं बोलल्याची. पहिलीच जड जात होती.

शौकतचा चेहरा उतरला होता. आपण रागानं बोलून गेलो ते खरं निघेल, असं त्याला वाटलं नसावं. अब्बा, घरी जाऊन पुन्हा ऐकू की, म्हणाला. चाचा नको म्हणाले. जुन्या पेट्या राहू दे इथंच, नेमूला उपयोगी पडतील. तू नवे घे, तुझ्या पोरांना गाणी ऐकायला होतील. मी त्या दिवशी एक जोडी विकली. अधिकृत विक्रेत्याची पहिली मोठी विक्री.

चाचांची कॅसेट डेकमध्येच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी उजव्या पेटीच्या तारा सरळ केल्या, बटन दाबलं आणि चाचांच्या खुर्चीत बसलो. खर्ज आला. दोन पेट्यांच्या बरोबर मधून, समोर कुणी मांडीवर तानपुरा घेऊन बसावं तसा. नव्या स्पीकरवर तो स्वच्छ होता. इथं त्याला अंग होतं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं कळलं. आणि स्वतःची इतकी किळस वाटली की मी डेक बंद केला, कॅसेट खिशात घातली, शटर अर्धं ओढलं आणि चाचांच्या घराकडं चालायला लागलो. सगळं सांगायचंच असं ठरवून गेलो. फ्यूज तर फ्यूज.

चाचा कारखान्याच्या दारात बसले होते. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यांच्या मांडीवर वाळलेला भोपळा होता आणि ते तो आतून खरवडत होते. ते काम नवशिक्यांना देतात, त्याला कान लागत नाही. कानसांची चामडी गुंडाळी शौकतच्या बैठकीवर ठेवलेली दिसली. जवारीच्या दोऱ्याची रिळंही तिथंच.

मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. शौकतच्या बायकोनं चहा आणला. मी कॅसेट पुढं केली आणि म्हणालो, चाचा, कालच्याबद्दल बोलायचं होतं. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा भोपळ्याच्या भुशानं भरलेला होता.

"मीच येणार होतो तुझ्याकडं," ते म्हणाले. "वर्षभर मला शंका होती बेटा. कुणाला विचारलं की म्हणायचे, नाही चाचा, तुमचा कान काय. माझं मन राखायचे. तू राखलं नाहीस. तोंडावर खरं सांगितलंस. माझ्या हातून शंभर तानपुरे बिघडायचे वाचले."

मी चहा पीत बसलो. गोड होता फार. एक वाक्य बोलायचं होतं, चाचा, तार उलटी होती. चार शब्द. पण ज्या माणसानं नुकतं मला खरं बोलणारा म्हटलं, त्याच्यासमोर ते चार शब्द तोंडातून निघेनात. कॅसेट ठेवून घ्या म्हणालो. ते म्हणाले, तुझ्याकडंच असू दे, मला आता ती ऐकून काय करायचंय.

चार महिन्यांनी धारवाडहून दुसरी चिठ्ठी आली. शौकतनं ती दुकानात आणून दाखवली. बाईंच्या एका शिष्येनं सुती दोरा तुटला म्हणून नायलॉनचा घातला होता. सुती घातल्यावर खर्ज बोलायला लागला, चाचांना गैरसमजाबद्दल क्षमा मागते, पुढची जोडी त्यांच्याच हातची हवी. मला हायसं वाटलं. आपोआप मिटलं, असं वाटलं. मी शौकतला विचारलं, मग अब्बा काय म्हणाले? बसले का कामाला?

शौकतनं चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. अब्बा म्हणाले, दोऱ्याचं ठीक आहे. पण दुकानात तर माझं मी ऐकलं ना.

त्यानंतर चाचांनी कानस धरली नाही. शौकत जवारी लावतो. बरी लावतो. त्याच्याकडं सूर दाखवणारं एक छोटं यंत्र आहे, त्याचा हिरवा दिवा लागला की तो थांबतो. गवई घेतात तानपुरे, कुरकुरत घेतात. सतार बनवणाऱ्यांच्या खोल्यांमधून बोललं जायचं की इमामचाचा असते तर. ते होते की. दारात बसून भोपळे खरवडत होते.

आता माझ्याकडं पुण्या-मुंबईची पोरं येतात. त्यांना जुने स्पीकर हवे असतात, कागदी पडद्याचे, सागवानी पेटीचे, आणि मागतील ती किंमत द्यायला तयार असतात. जुने चांगले का नवे, काका, असं विचारतात. मी त्यांना जे आहे ते सांगतो. नवे बारीकसारीक सगळं दाखवतात, झांजेचा कण न् कण. जुने माणसाचा आवाज माणसासारखा ठेवतात. ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं. कोपऱ्यातली लाल ठिपक्यांची जोडी मागितली की मी विकायची नाही म्हणतो. कारण विचारलं की चिडतो.

ती जोडी दुकानाबाहेर एकदाच गेली. सहा वर्षांनी. चाचा अंथरुणाला खिळले होते. आयुष्यभर लाकडाचा भुसा छातीत गेलेला, दम पुरत नव्हता. शौकत येऊन म्हणाला, अब्बा त्या पेट्यांची आठवण काढतात, एकदा ऐकवशील का? मी त्याच वाकळीवर त्या ठेवल्या, हातगाडीबरोबर पायी चालत गेलो आणि एकही खड्डा घेऊ दिला नाही.

चाचांच्या खाटेसमोर पेट्या मांडल्या. ठिपके पुसून बघितले. लाल तार ठिपक्यावर, लाल तार ठिपक्यावर. तीनदा बघितलं. मग कॅसेट घातली.

चाचांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पांघरुणावरची बोटं हलायला लागली. शौकत दाराशी उभा होता. तानपुरा चालू होता आणि दर चौथ्या तारेला खर्ज येत होता, भरलेला, बरोबर समोरून.

"आला," चाचा म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "जागेवर आहे. मधोमध आहे." डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नेमू, मी त्या दिवशी घाई केली का रे?"

एवढं सरळ कुणी विचारलं नसेल कधी. सहा वर्षं मी ज्या संधीची वाट बघत होतो म्हणायचो, ती खाटेवरून माझ्याकडं बघत होती. शौकत समोर होता, त्यालाही कळलं असतं. बरंच झालं असतं. पण मला वाटलं, आता सांगून या माणसाला काय देणार मी? सहा वर्षं फुकट गेली, तुमचा कान कधीच गेला नव्हता, हे? का मी पुन्हा स्वतःलाच वाचवत होतो? खरं सांगतो, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नाही चाचा," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर केलंत."

त्यांनी मान हलवली. समाधान झाल्यासारखी.

"मग कान आज आलाय फक्त. उद्या जाईल परत." त्यांनी बोटानं डेककडं खूण केली. "पहिल्यापासून लाव बेटा. ऐकू येतंय तोवर ऐकून घेतो."